थर्माकोल-काँक्रीटच्या भिंतींसाठी साडेचार लाखांचं जास्तीचं कर्ज घ्यावं का?

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावातून जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी लिहिलं आहे: गावठाणात ९०० चौरस फुटांचं एकमजली घर बांधायचं आहे. विटांच्या घराचा अंदाज १८ लाख. थर्माकोलच्या साच्यात काँक्रीट ओतून भिंती केल्या तर २२.५ लाख. ठेकेदार म्हणतो, दोन एसींचं बिल निम्म्यावर येईल. बँक ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी कर्ज देते आहे. वरचे साडेचार लाख त्यातच वाढवून घ्यावेत का?

भाऊ, माझं मत नको असं आहे. ठेकेदार उष्णतेबद्दल खोटं बोलत नाही. दहा सेंटिमीटर थर्माकोल नऊ इंची विटांच्या भिंतीपेक्षा कितीतरी पट जास्त उष्णता अडवतो. प्रश्न पैशांचा आहे.

या दराने लाखाला महिना ८६८ रुपये हप्ता पडतो. म्हणजे साडेचार लाखांना सुमारे ३,९००, वर्षाला जवळपास ४७,०००. आता बचत बघा. दीड टनाचे दोन एसी, रोज आठ तास, उन्हाळ्याचे ९० दिवस, प्रत्येकी तासाला सव्वा युनिटच्या आसपास धरलं तर १,८०० युनिटं होतात. दहा रुपयांनी १८,००० रुपये. ठेकेदाराचा शब्द जसाच्या तसा मानला तरी वाचले ९,०००. वर्षभराच्या हप्त्यांच्या पाचव्या हिश्शाएवढेही नाहीत. आणि व्याज करात सुटतं हे गणितात धरू नका. नवी करप्रणाली घेतली असेल तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही.

शिवाय खरं सांगा, दिवसभर एसी लावणार की कूलर? पारा ४५ च्या वर गेला तरी आपल्याकडे बहुतेक घरांचा उन्हाळा कूलरवरच निघतो. कूलरला खिडकी उघडी लागते. जेवढी ओली हवा आत येते तेवढी बाहेर जायला हवी. या महागड्या भिंतींचा खरा फायदा बंद खोलीत, एसी चालू असताना. खिडक्या उघड्या ठेवून तो बराचसा वाया जातो.

एकमजली घरात सगळ्यात जास्त तापतो तो स्लॅब. दिवसभर ऊन पितो आणि रात्री बारापर्यंत खोलीत ओततो. जुन्या धाब्याच्या आणि कवेलूच्या घरात दुपारी झोप लागायची, त्यात छताचा वाटा मोठा होता. म्हणून पैसा आधी वर घाला: स्लॅबवर थर्माकोलचा थर, त्यावर पाण्यासाठी उतार आणि पांढऱ्या फुटक्या टाइल्स. पश्चिमेला छपरी काढा आणि त्या बाजूच्या भिंतीला एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) वापरा. या सगळ्याला सव्वा लाखाची मर्यादा ठेवा आणि कोटेशन त्याच हिशेबाने मागा.

विजेसाठी पीएम सूर्यघर योजना बघा, छतावरच्या सौर पॅनलची. ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. उन्हाळ्यात महिन्याला तीनशेच्या वर युनिटं घरच्या छतावर तयार होतील. मग भिंतीने वाचवलेल्या युनिटाची किंमत आणखी कमी होते. मात्र पॅनलची जागा ठरवूनच स्लॅबवरचं काम करा, नाहीतर नव्या टाइल्स फोडाव्या लागतील.

खरी काळजी मला पायाची वाटते. तुमची जमीन काळी आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि घराला तडे जातात ते तिथून. १८ लाखांच्या अंदाजात पाया किती खोल आणि प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवर भिंतींखाली फिरणारा काँक्रीटचा पट्टा) किती जाडीचा, हे लेखी घ्या. भिंत कोणतीही निवडा, हा खर्च चुकत नाही.

माझं मत दोन बाबतींत बदलेल. घरात आजारी माणूस असेल आणि एसी दिवसरात्र चालणार असेल, किंवा दोन कोटेशनमधला फरक लाखाच्या आत आला तर. तेव्हाही दोन गोष्टी विचारा: थर्माकोलमध्ये वाळवी घर करते, तर पाया आणि भिंतीच्या सांध्यात उपाय काय, आणि पाच वर्षांनी नळाची लाइन बदलायची झाली तर गावचा मिस्त्री ते काम करेल का. तुमच्या बँकेचं मूल्यांकन या पद्धतीच्या बांधकामाला चालेल का, हेही कर्जाचा पहिला हप्ता उचलण्याआधी लेखी विचारा.

ठेकेदाराशी करार करताना त्याच्या रकमेचे शेवटचे पाच टक्के पहिला पावसाळा पूर्ण होईपर्यंत हातात ठेवा. घासाघीस होईल, पण ही अट सोडू नका.