नव्या डीनसाठी: ठराव बैठकीत पहिल्यांदा मांडू नका

लॉ स्कूलचं डीनपद मिळालं, मनापासून अभिनंदन. एक गोष्ट आधीच सांगतो, इथे हुकूम चालत नाही. तुमचे प्राध्यापक मुद्दे खोडून काढण्यात मुरलेले. एखादा विषय ऐच्छिक करू म्हटलं तरी नियमावलीतलं कलम काढून दाखवतील. म्हणून ठराव थेट बैठकीत आणू नका. आधी एकेकाच्या खोलीत जाऊन बसा, विरोध करणाऱ्याच्या तर नक्कीच, आणि त्यांची हरकत त्यांच्याच शब्दांत मसुद्यात घ्या. वेळ जातो, जाऊ द्या. लँगडेल १८७० मध्ये हार्वर्डला डीन झाले आणि निवाड्यांवरून शिकवू लागले, तेव्हा बऱ्याच विद्यार्थ्यांनी वर्गाकडे पाठ फिरवली होती. पुढे तीच पद्धत अमेरिकाभर रुजली.

देणगीदाराला प्रवेश किंवा नेमणुकीबाबत शब्द देऊ नका, कितीही मोठी रक्कम असो. फीमधला किती हिस्सा विद्यापीठाकडे जातो, ते पहिल्याच महिन्यात समजून घ्या. शिकवायला एक विषय स्वतःकडे ठेवाच.

आणि वकिलीच्या परवाना परीक्षेत जे नापास झाले, त्यांना स्वतः फोन करा. निकालाची टक्केवारी सगळेच बघतात. नेमकं कुठे अडलं, ते ही मुलंच सांगतील.