सायकलसाठी जीपीएस : मोबाइल पुरेल का?

प्रश्न : पुण्यातून दर रविवारी ६०-७० किमी सायकल चालवतो. नोंद मोबाइलवर होते, पण दुपारी बॅटरी संपते आणि चढाईचा आकडा सोबत्यांशी कधीच जुळत नाही. आता २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायची आहे. कोणतं यंत्र घेऊ?

उत्तर : रविवारच्या फेरीला मोबाइल चालेल, स्क्रीन मात्र बंद ठेवून खिशात टाका, बॅटरी तीच खाते. ब्रेव्हेला वेगळं यंत्र घ्याच. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, म्हणून यंत्राच्या डब्यावर बॅटरी किमान २० तास चालेल असं लिहिलेलं बघा. नकाशा, बॅकलाइट आणि सेन्सर सुरू असले की ते तास भराभर घटतात.

चढाईचं म्हणाल तर उपग्रहावरून काढलेली उंची मुळातच ढोबळ असते. हवेच्या दाबावर चालणारा बॅरोमीटर असलेलं यंत्र निवडा. त्याच्या बारीक छिद्रात पावसाचं पाणी किंवा घाम अडकला की सपाट रस्त्यावरही घाट चढल्याचं दिसतं. अशा वेळी फुंकू नका, कोरड्या फडक्याने टिपा.

कात्रजच्या बोगद्यात सिग्नल जातो. चाकाच्या हबवर (मधल्या तुंब्यावर) बसणारा स्पीड सेन्सर असेल तर अंतर मोजणं थांबत नाही. त्यात चाकाचा परीघ भरा : ७००×२८ टायरला सुमारे २१३६ मिमी.

रंगीत टचस्क्रीनपेक्षा बटणं बरी. ओल्या बोटांना पावसाळ्यात टचस्क्रीन दाद देत नाही. आणि निघताना सिग्नल पकडेपर्यंत मिनिटभर उघड्यावर थांबा, मगच ‘स्टार्ट’ दाबा.