टार्टचा तळ कच्चा राहतो, काय करू?

प्रश्न : ताई, नाताळच्या जेवणाला सासरची सगळी मंडळी आमच्याकडे असतात. यंदा केकसोबत पाय (pie, म्हणजे मैद्याच्या कवचात सारण भरून करतात तो) आणि छोटे टार्ट करायचं मनात आहे. पण व्हिडिओ बघून केलं की मळतानाच बटर वितळतं, भाजताना कडा खाली बसतात आणि तळ गिच्च राहतो. कुठे चुकतंय?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : अहो, ते व्हिडिओ थंड हवेतले, आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी पारा 30च्या वर, बटर टिकणार कसं! पीठ सकाळी लवकरच भिजवा. 200 ग्रॅम मैद्याला 100 ग्रॅम बटर, तेही फ्रिजमधून काढून लगेच तुकडे केलेलं, आणि नेहमीचं खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको. बोटांच्या टोकांनी रवाळ होईस्तोवर चोळायचं, मग 3-4 चमचे बर्फाचं पाणी घालून नुसतं गोळा करायचं, मळायचं अजिबात नाही, कारण मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि त्यानेच कडा आखडतात. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये, लाटून साच्यात बसवला की परत 20 मिनिटं. तूप चालेल का असं बऱ्याच जणी विचारतात, तर तुपात पाणी नसतं, बटरमधल्या पाण्याची वाफ होऊन जे पापुद्रे सुटतात ते तुपात येत नाहीत, टार्ट भुसभुशीत होतो. मला तो आवडतो, पण पायला बटरच हवं.

आता तळ. सारण घालायच्या आधी रिकामं कवच भाजून घ्या, हे बहुतेक जणी टाळतात. वर फॉईल, त्यात चणे नाहीतर राजमा भरायचा, ओटीजी 190वर, 15 मिनिटं. मग फॉईल काढून अजून 7-8 मिनिटं. (ते चणे उसळीला नाही हं चालणार, बरणीत भरून पुढच्या वेळेला ठेवा.) गरम असतानाच अंड्याचा पांढरा बलक ब्रशने फिरवा आणि 2 मिनिटं परत आत. साचा काचेचा नको, पत्र्याचा घ्या.

सारणाला आपलं चून उत्तम, ओलं खोबरं-गूळ कोरडं होईपर्यंत परतायचं, वर काजूगर. पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका.

कवचं आदल्या दिवशीच करून घट्ट डब्यात ठेवा, ऐन सणाला लाईट गेली तर पंचाईत नको. दमट हवेने मऊ पडलीच तर 160वर 5 मिनिटं.

प्रश्न : डिसेंबरात आंब्याचा पाय होईल का?
– एक वाचक, वसई

उत्तर : होईल की, डब्यातला रस आणा. त्यात बहुतेक वेळा साखर असते, चाखूनच वरची घाला. 2 कप रसाला 3 मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर, थोड्या गार पाण्यात कालवून, बुडबुडे आल्यावर मिनिटभर ढवळत शिजवा. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा, आंबटासोबत उकळत राहिलं तर घट्ट झालेलं परत पातळ होतं.