मोठ्यानं वाचलं, तरी पोचलं नाही

प्रश्न : आमचा कवितावाचनाचा गट दर महिन्याला झूमवर जमतो. तीस-पस्तीस जण असतात. गेल्या खेपेला कमी ऐकू येणाऱ्या एका सभासदांनी 'मला यातलं काही कळत नाही, माझं नाव काढून टाका' असा निरोप पाठवला. आम्ही तर त्यांच्यासाठी मुद्दाम मोठ्यानं वाचत होतो! गटाकडे पैसे नाहीत. काय करता येईल?
– एक संयोजक

उत्तर : तुमच्या सभासदांच्या जागी मी कितीदा तरी बसले आहे. ४२व्या वर्षापासून माझ्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत. म्हणून आधी त्या मोठ्यानं वाचण्याचं बघू.

माझ्यासारख्यांना सगळेच आवाज सारखे कमी ऐकू येतात असं नाही. बहुतेकांचे उंच पट्टीतले आवाज आधी जातात. स्वर पोचतात आणि 'स', 'श', 'त' वाटेत गळतात. 'सकाळ' म्हटलं की मला त्यातला 'आ' तेवढा स्पष्ट येतो. तुम्ही आवाज चढवलात की तो 'आ' आणखी मोठा होतो, गळलेलं मात्र गळलेलंच राहतं.

मग आम्ही ओठांकडे बघतो. पण 'पान', 'बाण' आणि 'मान' ओठांवर हुबेहूब सारखे दिसतात. 'क' आणि 'ग' तर आत घशाशी होतात, ते दिसणार कुठून? गप्पांमध्ये मागच्या-पुढच्या शब्दांवरून अंदाज बांधता येतो. कवितेत तीही सोय नाही. 'मान लवली' की 'पान लवलं'? कवी दोन्ही म्हणू शकतो.

अशाच एका वाचनाला मी हजर होते. कवयित्री खिडकीकडे पाठ करून बसलेल्या, त्यामुळे चेहऱ्याच्या जागी नुसती काळी आकृती. वाचताना वही तोंडासमोर. कुणाचा तरी माइक उघडा राहिला होता आणि पंख्याची घरघर माझ्या यंत्रांत त्यांच्या आवाजाइतकीच मोठी येत होती. खाली स्वयंचलित कॅप्शन्स, म्हणजे बोललेलं आपोआप लिहून दाखवणाऱ्या ओळी, चालू होती, त्यात 'सांजवात' आली ती 'सांग बाबा' होऊन. मी हसले. कविता आईच्या शेवटच्या दिवसांवरची होती आणि माझा कॅमेरा चालू होता.

तेव्हा तुमच्या गटाला सगळ्यात उपयोगी पडेल अशी गोष्ट फुकटची आहे : कविता दोन दिवस आधी सगळ्यांना पाठवा. कमी ऐकू येणाऱ्यालाच वेगळी पाठवू नका, सगळ्यांनाच पाठवा, म्हणजे कुणाला वेगळं हात पसरून मागावं लागत नाही. आणि टाइप केलेली पाठवा, वहीच्या पानाचा फोटो नको. अंध सभासदाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फोटोतलं वाचेलच याचा भरवसा नसतो. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी संगणकीय पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधली फाइल असेल तर आणखी गंमत. डोळ्यांना तिथं देवनागरी दिसते, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. स्क्रीन रीडर ती जशीच्या तशी वाचतो, म्हणजे निव्वळ अगम्य बडबड.

बाकीचं चटकन सांगते. वाचणाऱ्यानं उजेड समोरून घ्यावा आणि वही हनुवटीच्या खाली धरावी. होस्टनं त्यांना स्पॉटलाइट करावं, म्हणजे सगळ्यांच्या पडद्यावर त्यांचाच चेहरा मोठा दिसतो, आणि इतरांना म्यूट करावं. चर्चेत प्रत्येकानं आधी स्वतःचं नाव सांगून मग बोलावं, नाहीतर चौकटींमधून 'आत्ता कोण बोललं' हे शोधण्यातच माझं अर्धं वाक्य निघून जातं. कॅप्शन्स चुकली तरी चालूच ठेवा. कवितेत ती हात टेकतात, पण साध्या बोलण्यात पुष्कळदा तारून नेतात. शक्य असेल तर एका सभासदानं चर्चेचा गोषवारा टाइप करत राहावं.

तुमच्याकडे खुणांची भाषा वापरणारं कुणी आलं, तर लिखित मजकुरानं त्यांचं काम भागेलच असं धरू नका. ती भाषा म्हणजे मराठीचा हातांनी केलेला तर्जुमा नव्हे, तिचं व्याकरण स्वतंत्र आहे. तिथं दुभाषी लागतो. तासाभराच्या कार्यक्रमाला शक्यतो दोघे, कारण साधारण वीस मिनिटांनी त्यांना आलटून पालटून काम करावं लागतं. त्यांनाही कविता आधी हवी. यासाठी मात्र पैसे उभे करावेच लागतील.

निमंत्रणात 'काही लागलं तर सांगा' असं लिहिता ना? ते बदला. त्यातून तुमच्याकडे काय तयार आहे ते कळत नाही, आणि मागणाऱ्याला आपण अडचण करतोय असं वाटत राहतं. असं लिहा : 'कॅप्शन्स असतील, कविता दोन दिवस आधी मिळतील, आणखी काही हवं असल्यास अमुक तारखेपर्यंत या क्रमांकावर कळवा.' हेच निमंत्रण पुढच्या कवितांच्या फाइलसह त्या सभासदांना पाठवा. 'परत या ना' असा आग्रह नको.

प्रश्न : आमच्या व्याख्यानमालेला एक अंध श्रोते नाव नोंदवत आहेत. वक्त्यांच्या स्लाइड्स असतात. त्यांनी नुसतं ऐकलं तर चालेल ना?

उत्तर : चालेल, वक्ता 'इथं तुम्हाला दिसतंय तसं' म्हणत नसेल तर! शेअर केलेली स्क्रीन स्क्रीन रीडरच्या दृष्टीनं केवळ चित्र असते, त्यातलं अक्षरही त्याला वाचता येत नाही. आलेख दाखवला तर रेघ वर गेली की खाली, कुठून कुठपर्यंत, हे तोंडानं सांगायला हवं. स्लाइड्सची फाइल आधी पाठवा. थोडं दिसणाऱ्यांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात फरक ठळक ठेवा. वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात म्हणून ठरवलेल्या डब्ल्यूसीएजी निकषांत नेहमीच्या आकाराच्या मजकुराला उजळपणातला हा फरक किमान ४.५ : १ सांगितला आहे. पांढऱ्यावर फिकट राखाडी लिहिण्याची जी फॅशन आहे, ती यात बसत नाही.

आता चॅट. माझ्या एका अंध मैत्रिणीच्या एका कानात वक्ता असतो आणि दुसऱ्यात स्क्रीन रीडर, जो चॅटमधला प्रत्येक निरोप वाचून दाखवतो. एकदा व्याख्यान रंगात आलं असताना तिला ऐकू आलं, 'जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात, फूल'. श्रोत्यांना सांगा की कौतुक शेवटी, एकदम. चॅटमधले प्रश्न सूत्रसंचालकानं मोठ्यानं वाचावेत.

हल्ली वक्ते आपल्या रूपाचं वर्णनही करतात. एका वाक्यात असेल तर ठीक. तीन मिनिटं कपड्यांचा रंग ऐकण्यात कुणालाच रस नसतो, असं मैत्रीण म्हणते.

आणि नोंदणीचा अर्ज विसरू नका. एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर २००६ पासून आहे आणि फुकट मिळतो. तो चालू करा, मॉनिटर बंद करा, माउस बाजूला ठेवा आणि स्वतःच्या कार्यक्रमाला स्वतः नाव नोंदवून बघा.

प्रश्न : मला कॅमेऱ्यासमोर फार ताण येतो आणि माझं नेटही मंद आहे. संयोजक 'कॅमेरे चालू ठेवा' म्हणून सारखे टोकतात. तुम्ही मात्र चेहरा दिसायला हवा म्हणता!

उत्तर : पकडलंत मला. मला बोलणाऱ्याचा चेहरा हवा, ऐकणाऱ्यांचा नको. तेव्हा ऐकताना खुशाल बंद ठेवा. नेटचं कारण तर पुरावा देऊन सांगता येईल : झूमच्याच अंदाजानं नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट, म्हणजे नेटचा वेग) पुरतात, दोघांच्या चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला ६०० लागतात. बोलायची पाळी आली आणि कॅमेरा नकोच असेल, तर म्हणणं चॅटमध्ये टाइप करा. सूत्रसंचालक ते वाचतील, मैत्रिणीला ऐकू येईल, मला दिसेल.