सोलापुरात सिंकखालच्या ट्रॉलीचा प्लाय वर्षभरात सुटला; गोंद जास्त पाणी सहन करेल असं काय करता येतं?

तुमचा प्लाय बहुधा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट, थोडीफार ओल सोसणाऱ्या) ग्रेडचा, म्हणजे युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंदाचा असणार. हा गोंद स्वस्त, रंगहीन आणि पटकन पकडणारा. पण ओल आणि उष्णता एकत्र आली की पाण्यामुळे त्याचे रासायनिक बंध तुटू लागतात आणि थर सुटतात. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार, हवा कोरडी ठणठणीत, आणि सिंकखाली मात्र कायम ओल. लाकूड फुगतं, आकसतं. तो सगळा ताण गोंदाच्या रेषेवर येतो.

कारखान्यात यावर उपाय म्हणजे युरियातच मेलामाइन हे रसायन मिसळणं. गोंदाच्या रेणूंची जाळी घट्ट होते, पाणी सोसण्याची ताकद वाढते, खर्चही वाढतो. त्याहून खात्रीचा फिनॉल-फॉर्मल्डिहाइड. त्याचे बंध उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन (पाण्यात टिकणाऱ्या) प्लायला ७२ तास उकळण्याची चाचणी असते, ती याच गोंदाच्या जोरावर.

तयार प्लायचा गोंद घरी बदलता येत नाही, तेव्हा सिंकखाली ७१० च घ्या. फिनॉलचा गोंद गडद असतो, पण कडेला थरांमधली तपकिरी रेषा पाहून भुलू नका, साध्या गोंदात रंग मिसळताही येतो. दुकानातून तुकडा मागून आणा आणि पातेल्यात आठेक तास उकळा. थर नखाने उचलले गेले तर तो माल नको. कापलेल्या कडा आणि पाइपसाठी पाडलेली भोकं इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायच्या, पाणी न शिरू देणाऱ्या रेझिनने) बंद करायला सुताराला बजावून सांगा, पाणी तिथूनच शिरतं. जोडकामाला साधा पांढरा गोंद नको, वॉटरप्रूफ प्रकारचा मागा.