निळ्या फॅनचा रंग बदलता येतो का?

तुम्ही विचारलंय, पीसीच्या कॅबिनेटमधल्या तिन्ही फॅनची लाइट निळी लागते, फॅन न काढता ती पांढरी करता येईल का. फॅनचा फोटो टाकलाय, वायरीचा नाही. सगळी गोम वायरीतच आहे. माझे तीन फॅन मी माझ्या हातानं जाळलेत आणि त्यावरून आमच्या दाजींचं बोलणं अजून संपलेलं नाही, म्हणून सांगतो.

लातूरला माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स. 2022 च्या लग्नसराईत हौसेनं तीन एआरजीबी (लाइटचा रंग बदलता येणारे) फॅन मागवले. मदरबोर्ड, म्हणजे पीसीचा मुख्य बोर्ड, जुना, त्यावर लाइटसाठी चार पिनांचं 12 व्होल्टचं हेडर, म्हणजे वायर खोचायच्या पिना. फॅनच्या लाइटचं सॉकेट तीन पिनांचं, 5 व्होल्टचं, एक भोक बुजवलेलं. ते भोक कंपनीनं उगीच बुजवलं नव्हतं. मी मात्र आडवी येणारी पिन पकडीनं वाकवली, सॉकेट दाबून बसवलं आणि बटण दाबलं. क्षणभर लखलखाट, मग वास. दाजी शेजारीच बसलेले. औशाला त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, जळक्या वायरीचा वास त्यांना आपल्या आधी येतो. "काय करायलास रे? जाळलास का नाही?" एवढंच म्हणाले, पण घरात पाहुणे भरलेले होते.

आता नीट ऐका. जळाली ती लाइट. फॅन फिरतच राहिले, कारण मोटारीची वायर वेगळी असते. त्याच आंधळ्या फॅनवर मी पुढं वर्षभर काम केलं. दुसऱ्या मे महिन्यात, बाहेर 42 डिग्री, पीसी आपोआप बंद पडायला लागला. दाजींचा निकाल तयारच होता: हौसेचं फळ, लाइट म्हणलं की उष्णता आलीच. अहो, पण लाइट वर्षापूर्वीच मेली होती! कॅबिनेट उघडून बघितलं तर पुढच्या जाळीवर तुरीच्या भुशाचा थर. आमच्या गल्लीमागं डाळ मिल आहे, काय होणार दुसरं? प्रोसेसर 97 डिग्रीला टेकलेला. ब्रश मारला, ब्लोअर मारला (पातं बोटानं धरून, मोकळं भिरभिरू द्यायचं नाही), प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट नवी लावली, 74 वर आला. हे मी दाजींना स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी चष्मा नाही म्हणून बघितलं नाही.

वरून दाजींची विजेच्या बिलाची तक्रार. एका फॅनची लाइट दोन वॅटच्या आसपास खाते. तीन फॅन, रोज दहा तास, तरी महिन्याला दोन युनिट भरत नाहीत. दाजींच्या गल्ल्यावर गणपतीमागं रंग बदलणारी माळ चोवीस तास चालू असते, तिचा हिशोब कुणी मागत नाही.

तर तुमचं. फॅनला एकच वायर असेल आणि ती थेट पॉवर सप्लायच्या मोलेक्सला (चार पिनांचा मोठा जोड) गेली असेल, तर आतली एलईडीच निळी आहे. कुठलंही सॉफ्टवेअर टाका, ती निळीच राहणार, फॅनच बदला. त्याआधी कॅबिनेटचं रिसेट बटण दाबून बघा. बऱ्याच स्वस्त कॅबिनेटमध्ये दुकानदार ते लाइटच्या कंट्रोलरला जोडतात आणि सांगायला विसरतात. तीन पिनांची लाइटची वायर असेल आणि बोर्डावर 5 व्होल्टचं हेडर असेल तर बोर्डाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर घ्या, असूसचं ऑरा सिंक, एमएसआयचं मिस्टिक लाइट, गिगाबाइटचं आरजीबी फ्यूजन. नाहीतर ओपनआरजीबी, ते बऱ्याच कंपन्यांच्या बोर्डांवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर. दोन एकदम चालवू नका, भांडतात. हेडरच नसेल तर रिमोटवाला छोटा कंट्रोलर मिळतो, तो पॉवर सप्लायच्या साटा वायरीवर (चपट्या जोडाची) चालतो. पिना वाकवू नका.

पात्यांना स्प्रे मारायचा विचार मीही केला होता. तिथं दाजींनी अडवलं आणि बरोबर अडवलं, हे कबूल. रंगाचं वजन एका पात्यावर जास्त बसलं की फॅन थरथरतो, बुश झिजतो, मग रात्रभर कुरकुर.

पांढरा निवडलात हे उत्तम. इंद्रधनुष्य फिरवणारे फॅन म्हणजे डीजेची गाडी घरात. मी एकदा निळ्या बल्बच्या उजेडात बसून पत्रिकेला हळदीचा पिवळा निवडला होता, छापून आला तो लिंबाचा. नवरीच्या मामानं माझ्यासमोर दोनदा उलटून पाहिला.

हे सगळं कॅबिनेटच्या फॅनचं. ग्राफिक्स कार्डावरच्या फॅनला हात लावू नका, त्याचं गणित वेगळं. वॉरंटी असेल तर आधी दुकानात विचारा. आणि खोलायच्या आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, हे वरच सांगायला पाहिजे होतं.

वायरीच्या टोकाचा फोटो टाका, पिना मोजता येतील असा.