तयार शिरेवाटे पोषणाची पिशवी वापरताना : नवख्या सहकाऱ्यासाठी

पहिला प्रश्न पिशवीचा नसून आतड्याचा आहे. आतडे काम करत असेल, तर तोंडाने किंवा नळीने अन्न देणेच श्रेयस्कर. शिरेवाटे पोषण त्यानंतर येते.

कारखान्यातून मिश्रण तयार येते, म्हणून ते परिपूर्णही असेल असे समजणे ही सुरुवातीची सर्वांत मोठी चूक होय. तीन कप्प्यांच्या पिशवीत ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि स्निग्धांश असतात, काही प्रकारांत क्षारही असतात. परंतु जीवनसत्त्वे आणि सूक्ष्म खनिजे बहुधा नसतात, ती रोज स्वतंत्रपणे लिहून द्यावी लागतात. ही नोंद राहून गेली, तर थायमिन या जीवनसत्त्वाच्या (ब-१) अभावाने रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

बरेच दिवस उपाशी असलेल्या रुग्णाला पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा देऊ नका. पोषण मिळू लागताच फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रक्तातून पेशींत शिरतात, त्यांची पातळी झपाट्याने घसरते आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून आधी थायमिन द्या, क्षार तपासून भरून काढा, मग हळूहळू मात्रा वाढवा. माझ्या मते नवख्याने सर्वाधिक लक्ष इथेच द्यावे.

लावण्यापूर्वी एवढे पाहा :
- कप्प्यांमधील सील पूर्ण उघडून मिश्रण एकजीव झाले आहे.
- पिशवी हाताच्या शिरेसाठी आहे की मध्यवर्ती शिरेसाठी (हृदयाजवळची मोठी शीर). साधारण 900 मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांच्या प्रमाणाचे एकक) प्रतिलिटरहून तीव्र द्रावण हाताच्या शिरेत देऊ नये.
- इतर औषधे पिशवीत मिसळलेली नाहीत.

मूत्रपिंड किंवा यकृत निकामी असल्यास ठरीव घटकांची पिशवी पुरेशी ठरेलच असे नाही. तेव्हा वरिष्ठांना अवश्य विचारा.